कुटुंबाचा तपशील

गंजलेली टाचणी निघता निघेना. रेकॉर्डताईंनी नख लावून पाहिलं, पट्टीचं टोक घालून पाहिलं आणि शेवटी कागदाचा कोपराच टाचणीसकट अलगद फाडून बाजूला ठेवला. टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात सकाळपासून अशा मूठभर टाचण्या जमल्या होत्या.

"एकसुद्धा राहू देऊ नका हं ताई," समोरून स्कॅनिंगवाला म्हणाला. "परवा एक पोटात गेली, तर सासूबाई दिवसभर रुसून बसल्या."

सासूबाई म्हणजे त्याचं यंत्र. कागद जरा चुरगळलेला असला, कडेला विरलेला असला, की ते कुरकुरायचं आणि कागद परत तोंडावर फेकायचं, म्हणून त्याने हे नाव ठेवलं होतं. चाळिशीतला माणूस, कंत्राटावर आलेला, बोलका. एकोणीस वर्षं एकटीने या खोलीत काढलेल्या रेकॉर्डताईंना पहिले आठ दिवस त्याची बडबड नकोशी झाली होती. आता तो पाच मिनिटं गप्प बसला तर त्याच मान वर करून बघायच्या.

नगरपालिकेची जुनी इमारत तीन महिन्यांत रिकामी करायची होती. नव्या इमारतीत रेकॉर्डच्या खोलीला जागाच ठेवलेली नव्हती. तिथे सगळं संगणकात राहणार होतं. त्याआधी हजारभर माणसांची सेवापुस्तकं यंत्रातून काढायची होती. त्यात कामावर असलेले होते, निवृत्त झालेले होते आणि गेलेलेही होते. माणूस नोकरीला लागला तिथपासून सुटला तिथपर्यंतची त्याची सगळी हकिगत त्या पुस्तकात. ते पुस्तक कायमचं जपायचं. त्याच्यासोबत बांधलेल्या सुट्या कागदांपैकी ज्यांची मुदत संपली, ते यादी करून नष्ट करायचे. रेकॉर्डताईंची स्वतःची मुदत संपायला आठ महिने उरले होते. हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या रेकॉर्डताईच.

"ताई, हे बघा. हे जुळत नाही म्हणतंय."

पडद्यावर लाल रेघ आली होती. रेकॉर्डताईंनी चष्मा वर सरकवला. सेवापुस्तक पाणीपुरवठ्याच्या वॉलमनचं होतं. एकतीस वर्षं गावच्या गल्ल्यागल्ल्यांचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम त्याने केलं, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि गेल्या वर्षी वारला.

"ते गेल्यावर त्यांच्या बायकोने जो अर्ज दिलाय, त्यात कुटुंबात दोघंच," स्कॅनिंगवाला बोट फिरवत म्हणाला. "ती स्वतः आणि एक मुलगा. आणि त्यांनी स्वतः दिलेल्या शेवटच्या घोषणापत्रात तिघं आहेत. बायको, मुलगी, मुलगा. मुलगी वय एकोणतीस, अविवाहित."

"मुलगी लिहायची राहिली असेल अर्जात."

"पोटची पोर लिहायची राहते होय, ताई?"

मुलगी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घोषणापत्र म्हणजे कुटुंबात कोण कोण आहे ते दर वर्षी लिहून द्यायचा कागद. एप्रिल उजाडला की तो सगळ्यांकडून मागवायचा, आणि बाकीचे लोक चार चार निरोप धाडले तरी दाद द्यायचे नाहीत. वॉलमन मात्र पहिल्या आठवड्यात न चुकता स्वतः येऊन उभा राहायचा. आत ये म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. कागद दोन्ही हातांनी पुढे करायचा. रेकॉर्डताई शिक्का मारायच्या, तारीख घालायच्या, कागद दोऱ्यात ओवायच्या. त्यांच्या आधीच्या रेकॉर्डकीपरने पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, की कागद वाचत बसलीस तर लावणार कधी. त्यामुळे त्या वाचत नसत. पण एका वर्षी शिक्का मारता मारता नजर गेली होती आणि त्या सहज बोलून गेल्या होत्या.

"सव्वीस पूर्ण झाली की मुलगी. कुठे बघताय की नाही तिचं?"

"घाई नाही," वॉलमन म्हणाला होता.

"काय करते सध्या?"

"घरीच असते."

एवढंच. मग तो मान लववून निघून गेला होता.

त्यांनी अर्जावरचा मुलाचा नंबर शोधून फोन लावला. तो दुसऱ्या गावी नोकरीला होता. आवाज वडिलांसारखाच, मोजका. रेकॉर्डताईंनी काम सांगितलं आणि म्हटलं, की तुमच्या बहिणीच्या जन्माचा दाखला तेवढा लागेल.



"मला बहीण नाही," मुलगा म्हणाला. "तुम्ही दुसऱ्या कुणाची फाइल बघताय."

"नाव तुमच्या वडिलांचंच आहे. सहीसुद्धा."

"मी एकटाच आहे, ताई. पहिल्यापासून." मग आवाज जरा खाली आला. "आईला पाठवतो मी. पण तिच्याशी जपून बोला. बाबा गेल्यापासून ती फार कुणाशी बोलत नाही."

फोन ठेवला तेव्हा स्कॅनिंगवाला त्यांच्याकडेच बघत होता. त्याने भुवया उंचावल्या.

"दुसरं बिऱ्हाड," तो हळूच म्हणाला.

"तोंड सांभाळा."

"मी कुठे काय म्हणतो? कागद म्हणतोय."

आस्थापनेच्या साहेबांनीही तेच म्हटलं, फक्त शब्द नीटनेटके वापरले. साहेब पस्तिशीचे, कामाला चोख, कुणाचं वाईट न चिंतणारे आणि कुणासाठी नियम न वाकवणारे. त्यांनी शेवटचं घोषणापत्र आणि बायकोचा अर्ज शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचले.

"दोनपैकी एकाने खोटं लिहिलंय, ताई. बाईंनी लपवलं असेल, किंवा ह्यांनी."

"साहेब, तो माणूस तसा नव्हता."

"माणूस कसा होता ते सेवापुस्तकात कुठे लिहितात?" ते टोचून बोलले नाहीत, खरंच विचारल्यासारखं म्हणाले. "तपशील जुळला नाही तर मला शेरा मारावा लागेल. खोटी माहिती दिली, असा. प्रकरण वर जाईल, आणि चौकशी होईस्तोवर बाईंचं निवृत्तिवेतन थांबेल. ही नवी यंत्रणा लाल रेघ ठेवून पुढे सरकूच देत नाही."

"शुक्रवारपर्यंत द्या मला."

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत," साहेब म्हणाले.

खोलीत परत आल्यावर रेकॉर्डताईंनी वॉलमनच्या सुट्या कागदांचा गठ्ठा सोडला. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी हे कागद निकालात निघायला हवे होते, पण ते काम वर्षानुवर्षं राहूनच गेलं होतं. त्यांनी घोषणापत्रं वेगळी काढली आणि वर्षांप्रमाणे लावली. तीस निघाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आपल्या खोलीतला कागद वाचायला बसल्या.

पहिल्या कागदात बायको आणि मुलगी, वय अकरा महिने. पुढे एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मग चार, पाच. त्यानंतर कधीतरी मुलीच्या खाली मुलाचं नाव आलं होतं. मुलीपुढे शिक्षणाच्या रकान्यात पहिली, दुसरी, तिसरी. दर वर्षी एक इयत्ता, कुठे नापास नाही, कुठे खंड नाही. बारावीनंतर एक आडवी रेघ, आणि तिच्यापुढे दर वर्षी एकच शब्द, अविवाहित. अक्षर सुरुवातीला तरुण, टोकदार, शेवटी शेवटी जरा थरथरतं. शेवटच्या बारा कागदांवर रेकॉर्डताईंच्या हातचा शिक्का होता.

त्यांनी बाकीचे कागदही चाळले. मुलाच्या आजारपणासाठी दोनदा रजा घेतलेली. मुलाच्या परीक्षेच्या वेळी एकदा. मुलीच्या नावावर औषधाचं बिल नाही, रजा नाही, कसला दाखला मागितलेला नाही. तीस वर्षं जी मुलगी दर एप्रिलला कागदावर हजर होती, तिला वर्षाच्या बाकीच्या दिवसांत साधी सर्दीसुद्धा झालेली दिसत नव्हती.

दुसऱ्या बायकोची मुलगी असती तर तिला कुणी कचेरीच्या कागदावर लिहिलं असतं का, असं रेकॉर्डताईंना वाटलं. मग वाटलं, लिहिलंही असतं. माणसाचं काही सांगता येत नाही. त्या दिवशी घरी जाताना त्यांचं पायऱ्यांकडे लक्ष नव्हतं आणि शेवटची पायरी चुकून त्या पडता पडता वाचल्या.

गुरुवारी अकराच्या सुमाराला वॉलमनची बायको आली. साठी उलटलेली, किरकोळ अंगाची बाई. खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात घरातले असतील नसतील तेवढे सगळे कागद. आल्या आल्या तिने ते टेबलावर मांडायला सुरुवात केली. मृत्यूचा दाखला, बँकेचं पुस्तक, मुलाचे शाळेचे दाखले.

"मुलगा म्हणाला, काहीतरी जुळत नाहीये. म्हटलं सगळंच घेऊन जावं."

"बसा, वहिनी," रेकॉर्डताई म्हणाल्या. मग त्या स्कॅनिंगवाल्याकडे वळल्या. "तीन चहा घेऊन या. आणि सावकाश या."

तो काय समजायचं ते समजला. यंत्र बंद करून दार ओढून घेऊन गेला. यंत्राची घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"वहिनी, घरात किती जण तुम्ही?"

"आता मी एकटीच. मुलगा बाहेरगावी असतो."

"आणि मुलं किती तुम्हाला?"

"एक," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बँकेचं पुस्तक उचलून दुसऱ्या कागदावर ठेवलं. "एकच."

रेकॉर्डताईंनी शेवटचं घोषणापत्र त्यांच्याकडे फिरवलं. काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी यासाठी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"राग मानू नका. कामच आहे म्हणून विचारते. यातलं दुसरं नाव कुणाचं?"

वहिनींनी पिशवीत हात घालून चष्मा काढला. कागद उचलला नाही, त्याच्यावर वाकून वाचला. मग त्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या.

"हे कधीचं?"

"ते निवृत्त झाले, त्या वर्षीचं."

"अक्षर त्यांचंच आहे."

"हो."

"यात एकोणतीस लिहिलंय."

"हो, वहिनी."

"एकोणतीस," वहिनी पुन्हा म्हणाल्या. "हिला जाऊन..."

रेकॉर्डताईंचा हात टेबलावरच्या शिक्क्यावर होता. तो त्यांनी मागे घेतला.

मग वहिनी बोलायला लागल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, शेजारणीला सांगावं तसा. तेव्हा ते गावाबाहेर तलावाजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे. चार घरं, बाकी सगळं माळरान. पोरीला ऑगस्टमध्ये ताप आला. पहिल्या दिवशी वाटलं, उतरेल. दुसऱ्या दिवशी मोठी पाइपलाइन फुटली आणि त्यांना जावं लागलं. निम्म्या गावाला पाणी नव्हतं. जाताना पोरीच्या कपाळाला हात लावून म्हणाले, दुपारी येतो. दुपार गेली, दुसरा दिवस उजाडला. निरोप धाडला, तर तो पोचला नाही, की पोचून कुणी सोडलं नाही, कोण जाणे. ते आले तेव्हा चिखलाने कमरेपर्यंत भरलेले होते आणि पोर गेलेली होती.

"चार वर्षं चार महिन्यांची होती."

रेकॉर्डताईंनी टाचण्यांचा डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

"मी त्यांना एकदाच बोलले, ताई. एकदाच. म्हटलं, तुम्ही गावाला पाणी पाजत बसलात." वहिनींनी बोट कागदावरून उचललं. "त्यानंतर त्यांनी घरात तिचं नाव काढलं नाही. बदली मागून घेतली, इकडे गावात आलो. तीन वर्षांनी मुलगा झाला. तरी नाही. तिची दोन झबली मी ठेवली होती, त्यांच्याकडेही कधी बघितलं नाही. मी मनात म्हणायचे, पुरुषाचं काळीज. पुसून मोकळा झाला. मग मीही काढलं नाही. मुलाला सांगायचं, तर आधी तो लहान म्हणून नाही सांगितलं, आणि मग राहूनच गेलं. तो काही खोटं नाही बोलला तुमच्याशी."

रेकॉर्डताई उठल्या. मागच्या फळीवर काढून ठेवलेली बाकीची घोषणापत्रं त्यांनी आणली आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवली.

वहिनी एकेक कागद उलटत गेल्या. पहिले चार त्यांनी भराभर बाजूला केले. पाचव्यापाशी, जिथे पोर गेल्यानंतरच्या एप्रिलची तारीख होती, तिथे थांबल्या. मग सहावा, सातवा.

"शाळेत घातलंय हिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"सातवीत आहे बघा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "लग्न नाही केलं पण."

ते रेकॉर्डताईंना आधीच उमगलं होतं, फक्त बोलायचा धीर होत नव्हता. लग्न झालेली मुलगी या कागदातून वगळावी लागते. कागदावर का होईना, वॉलमनने तिला सासरी धाडली असती तर पुढच्या एप्रिलपासून तिचं नाव लिहायची सोय राहिली नसती.

"मी विचारलं होतं त्यांना," रेकॉर्डताई म्हणाल्या. हे सांगावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, पण न सांगणं जास्त वाईट वाटत होतं. "एका वर्षी मीच बोलले, की मुलीचं बघा आता. मला काय माहीत. काय करते, असंही विचारलं."

"मग?"

"म्हणाले, घरीच असते."

वहिनींनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा घातला. पुसण्यासारखं काचांवर काही नव्हतं.

दाराच्या फटीतून चहाचे तीन पेले दिसत होते. स्कॅनिंगवाला बाहेर पायरीवर बसला होता, आत येत नव्हता. रेकॉर्डताईंनी वहिनींना बसायला सांगितलं, नियमांचं पुस्तक काखेत मारलं आणि त्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही.

"म्हणजे ती गेल्यानंतरची किती?"

"सव्वीस, साहेब."

"सव्वीस वर्षं. आणि आपल्याकडे कुणी वाचलं नाही?"

"शेवटची बारा मी घेतली. मी शिक्का मारत होते."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. रेकॉर्डताईंनी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. वार्षिक घोषणापत्रं, निवृत्तीनंतर तीन वर्षं. त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारून आणली होती.

"मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय, साहेब. वेळच्या वेळी काम केलं असतं तर हे कागद तुमच्यासमोर आलेच नसते. चूक माझी आहे. तसं लिहून देते."

"तुम्ही काही लिहून देऊ नका." साहेबांनी पुस्तक मिटून परत दिलं. "सेवापुस्तकात मुलीच्या जन्माची नोंद असेल. तिच्यापुढे मृत्यूची तारीख घ्या, आईच्या सांगण्यावरून म्हणून. रेघ जाईल. बाकीचे कागद नष्ट करायच्या यादीत घाला." रेकॉर्डताई दारापर्यंत पोचल्या तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "त्यांच्याबद्दल काही शेरा नको."

त्या परतल्या तेव्हा चहा टेबलावर आला होता आणि वहिनींच्या पेल्यावर साय धरली होती. स्कॅनिंगवाला पुन्हा बाहेर जाऊन बसला होता. रेकॉर्डताईंनी सेवापुस्तक उघडलं. वहिनींनी दोन तारखा सांगितल्या, एक एप्रिलची एकोणीस, एक ऑगस्टमधली. सांगताना कुठे अडखळल्या नाहीत. रेकॉर्डताईंनी नोंद केली, खाली त्यांची सही घेतली. मग यंत्र सुरू करून ते पान पुन्हा त्यातून काढलं आणि पडद्यावर बघितलं. लाल रेघ गेली होती. तीस वर्षांचा कारभार दोन ओळींत आटोपला.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं. आता कुणी काही विचारणार नाही."

"आणि हे?" त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला.

"यांची मुदत संपलीय. नष्ट करायचे म्हणून यादीत जातील."

"म्हणजे फाडणार."

"फाडायचं यंत्र खाली आहे." रेकॉर्डताईंनी दाराकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत या खोलीतला एक कागद त्यांनी बाहेर जाऊ दिला नव्हता, आणि त्याबद्दल कचेरीत त्यांना लोक हसत. "यादीत मी लिहिणार, तीस कागद नष्ट केले. तुकडे मोजायला कुणी येत नाही, वहिनी. तुमच्या पिशवीत जागा असेलच."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. आभार मानले नाहीत. पिशवीत आणलेले दाखले त्यांनी एका बाजूला सारले, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. मग पिशवीत ठेवायच्या आधी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. आता घाई नव्हती. वय वाचायच्या, खाली सहीजवळची तारीख वाचायच्या, कागद उलटा करून डाव्या हाताला ठेवायच्या. रेकॉर्डताई डब्यातल्या टाचण्या उगाच खालीवर करत बसल्या.

मध्येच कुठेतरी वहिनींचा हात थांबला.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

रेकॉर्डताई वाकल्या. मुलगी, वय अकरा, इयत्ता सहावी. मागच्या कागदात दहा होतं, पुढच्यात बारा.

"बरोबर दिसतंय की."

"तारीख बघा. बाकी सगळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले आहेत. हा दोन मेचा." वहिनींनी सहीजवळ बोट टेकवलं. "तोवर तिला बारा पूर्ण झाली होती."

रेकॉर्डताईंनी सेवापुस्तकातली जन्माची नोंद पुन्हा बघितली. एकोणीस एप्रिल.

"त्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती. सगळा एप्रिल अंथरुणात गेला. मे लागल्यावर कामावर गेले." वहिनी कागदाकडेच बघत होत्या. "एकोणीस तारखेला सकाळी मला म्हणाले, आज काय तारीख. मी भाजी निवडत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघताच सांगितली. मला वाटलं, रजेचे दिवस मोजताहेत."

"मग?"

"मग काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. न बघता कशी सांगितलीस, असं त्यांनी विचारलं नाही."

बाहेर पायरीवर स्कॅनिंगवाला कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. कुणी आत येऊ बघत असावं आणि तो त्याला नंतर या म्हणत असावा.

"दुरुस्त केलं तर चालेल?" वहिनींनी विचारलं.

रेकॉर्डताईंनी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. वहिनींनी अकरावर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात बारा लिहिलं.

"खाडाखोड केली की शेजारी सही लागते," रेकॉर्डताई म्हणाल्या.

वहिनींनी सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. शाई वाळू दिली. मग तो कागद डाव्या हाताला ठेवून त्यांनी दुसरा उचलला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वय आणि तारीख दोन्ही वाचून पाहिली.

"पुढचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.